तिसऱ्या ओळीतला चेहरा

टोळी कशी बांधतात आणि कशी चालवतात, हे मला कुणी शिकवायला नको. वर्षातून दोन-तीनदा मी ती स्वतःच्या हाताने मांडते, ओळीवार, ज्याच्या त्याच्या मानाप्रमाणे. आकुर्डीहून चाकणकडे निघालं की वाटेत आमचं फ्लेक्स छापायचं दुकान लागतं. दुकान चाचांचं. छपाईचं मशीन आणि लाकडी फ्रेम ते बघतात, कॉम्प्युटरवर डिझाइन मी करते. लग्न, बारसं, दशक्रिया, क्लासच्या जाहिराती, भावी नगरसेवकांचे नमस्कार आणि भाईंचे वाढदिवस.

असल्या लोकांची कामं कशी काय घेता, असं काही जण नाक मुरडून विचारतात. घेते. केकवाला केक देतो, मंडपवाला मंडप देतो, डीजेवाला खिडक्या हादरवतो, त्यांना कुणी विचारत नाही. बाईने केलं की लोकांना लगेच संस्कार आठवतात.

आमच्या भागातल्या भाईचा फ्लेक्स असा असतो. मधोमध भाई, डोक्यापासून बुटापर्यंत उभा, पांढरा शर्ट, काळा गॉगल, एक हात खिशात. मागे सिंह. तो सिंह मी एकदाच डाउनलोड केलाय. आजवर तीन भाई, एक भावी नगरसेवक आणि एका इंग्लिश मीडियम शाळेचे संस्थापक, एवढ्यांच्या मागे तोच उभा राहिला आहे. वरच्या कोपऱ्यात, जिथे इतरांच्या फ्लेक्सवर देव असतात, तिथे थोरला भाई, जो सध्या आत आहे. तो दिसायला लहान असला तरी चालतो, पण वगळायचा नाही. भाईच्या पायाशी पहिली ओळ, तिच्यात फक्त दोन चेहरे. दुसऱ्या ओळीत गल्लीप्रमुख. आणि तिसऱ्या ओळीत गोल चौकटीतली पोरं, रस्त्यावरून बघितलं तर शर्टाच्या बटणाएवढी.

लोकांना वाटतं, जो सगळ्यात जास्त मारामाऱ्या करतो तो भाई. साफ चूक. आमचा भाई मारत नाही, ओरडत नाही, बोलतसुद्धा नाही. पत्र्याच्या शेडमधल्या जिममागे खुर्ची टाकून बसतो आणि 'हं' म्हणतो. त्या 'हं'चा अर्थ लावायचं काम पहिल्या ओळीतल्या डावीकडच्या माणसाचं. त्याला मी दोन नंबर म्हणते, तोंडावरसुद्धा. तो इथल्याच जुन्या गावातला, वाडवडिलांची जमीन कंपन्यांच्या कुंपणात गेलेली. बोलायला इतका मऊ की बँकेत असता तर मॅनेजर झाला असता. दुकानात येताना चप्पल दाराबाहेर काढतो आणि मला ताई म्हणतो.

सगळी बांधणी ह्या दोन नंबरची. काय करायचं ते तो गल्लीप्रमुखाला सांगतो, गल्लीप्रमुख पोरांना सांगतो. पोरगं पकडलं गेलं तर त्याला फक्त गल्लीप्रमुख ठाऊक. 'भाईने सांगितलं' असं शपथेवर म्हणू शकेल असा त्या फ्लेक्सवर एकही चेहरा नसतो. नवा पोरगा आला की आधी चहा आणतो. मग चौकात उभा राहून कोण आलं, कोण गेलं ते बघतो. मग कुणीतरी त्याच्याकडे गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी ठेवायला देतो, घरी पलंगाखाली. ते एकदा ठेवलं की पोरगा अडकला, कारण कोयता ज्याच्या घरात सापडतो त्याचाच असतो. त्यानंतर दुसऱ्या टोळीच्या भागात जाऊन रस्त्यावर लावलेल्या रिक्षा, टेम्पो, मोटारी फोडायच्या. त्या असतात शिफ्टला जाणाऱ्या माणसांच्या. ह्याला दहशत म्हणतात. उभ्या रिक्षाशी मारामारी करायला कसली मर्दुमकी लागते, ते मला अजून कळलेलं नाही.

ह्या सगळ्याच्या बदल्यात काय मिळतं? ओळ मिळते. तिसरीतला दुसरीत येतो. फ्लेक्स लागला की पोरं आधी भाईकडे बघत नाहीत, स्वतःला शोधतात. कोण सरकलं, कुणाचं वर्तुळ मोठं झालं, कोण भाईच्या बुटाजवळ आलं. आणि ज्याचा चेहरा असायला हवा होता पण नाही, त्याला बघून चौक रस्ता बदलतो. फोटो गेला म्हणजे माणूस फुटला, समोरच्या टोळीला मिळाला नाहीतर पोलिसांना. तसं कुणी जाहीर करत नाही, करायची गरजही पडत नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं, आणि तरी मी जे केलं ते केलं.

माझा भाऊ माझ्याहून बराच लहान. आम्ही मूळचे लातूरकडचे. वडील इथल्या कारखान्यात लागले म्हणून आलो. ते गेले, आम्ही राहिलो. माझं लग्न होऊन मी शेजारच्याच गल्लीत गेले, भाऊ आईपाशी. त्याने आयटीआय केलं, फिटरचं. चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत ठेकेदारामार्फत लागला. तिथे काही महिने भरले की ब्रेक देतात, म्हणजे घरी बसवतात आणि नंतर नव्याने घेतात. माणूस कायम व्हायला नको, त्यासाठी ही युक्ती. प्रत्येक वेळी गळ्यात नवा बिल्ला, वर नवा ठेकेदार आणि समोर तेच मशीन. शेजारचा परमनंट कामगार त्याला नावाने हाक मारायचा नाही, 'ए ठेका' म्हणायचा. हे तो हसून सांगायचा. त्या हसण्याकडे मी नीट लक्ष द्यायला हवं होतं, पण मलाही माझा संसार होता.

पुढच्या ब्रेकमध्ये तो चौकात बसायला लागला. मी विचारलं तर म्हणाला, शिफ्टमधले मित्र आहेत.

भाईचा वाढदिवस जवळ आला. दोन नंबरने नेहमीप्रमाणे व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले, कोण कुठल्या ओळीत ते सांगितलं. तिसऱ्या ओळीच्या फोटोंमध्ये शेवटचा फोटो माझ्या भावाचा होता. माझ्याच लग्नातला फोटो. मुळात त्यात मी त्याच्या शेजारी उभी होते. त्याने मला कापून टाकलं होतं, पण माझ्या शालूचा काठ त्याच्या खांद्याशी तसाच राहिला होता.

मी घाबरले. लगेच राग आला. माझ्याकडे राग नेहमी भीतीच्या मागून येतो आणि तिला ओलांडून पुढे जातो.

घाबरले, कारण हा फ्लेक्स कोण कोण वाचतं ते मला माहीत होतं. फ्लेक्स लागला की चौकीतला एक हवालदार मोटारसायकल थांबवून त्याचा फोटो काढतो. गाड्या फुटल्या की तिसरी ओळ आधी उचलतात, ते सोपं असतं. एका पोराची आई चौकीच्या दारात सांगत राहिली होती की त्या वेळी तो कंपनीत मशीनवर होता. तिचं कुणी ऐकलं नाही. फ्लेक्सवर होता, एवढं पुरलं. समोरची टोळीही तोच फ्लेक्स वाचते, आणि तिला चौकशीची गरज नसते.

मी भावाचा चेहरा उचलला आणि काढून टाकला. उरलेल्यांना थोडं थोडं सरकवून जागा भरली. दोन नंबरने डिझाइनवर नुसती नजर टाकली आणि 'छापा' म्हणाला. त्याचा माझ्यावर विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लेक्स चौकात चढला. थोड्या वेळाने भाऊ दुकानात आला, तोंड पांढरंफटक.

"अक्का, माझा फोटो कुठंय?"

"काढला."

"कुणी सांगितलं?"

"मला सांगायला कुणी लागत नाही. मी काढला."

तो स्टुलावर बसला. ओरडला असता तर बरं झालं असतं, मी त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडले असते. तो हळू आवाजात म्हणाला, "मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आज लागणार म्हणून. आता तिकडं म्हणतायत, भाईनंच काढला. म्हणतायत, ह्यानं कुणाला तरी टीप दिली असंल. दोघं तर माझ्याशी बोलंनात. संध्याकाळी केक कापायला ये, मग बघू म्हणले."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ज्या चौकात न लागलेला फोटो लागलेल्यापेक्षा मोठ्याने बोलतो, तिथे मी फोटो काढला होता. त्या गावची भाषा मलाच सगळ्यात चांगली येत होती आणि मीच चुकीचं वाक्य लिहिलं होतं. मी त्याला वाचवायला गेले आणि त्याला फितूर करून ठेवलं.

"अक्का, कंपनीत एवढी वर्षं घासली," तो म्हणाला. "'ए ठेका' सोडून दुसरं नाव मिळालं नाही. हितं महिन्यात फोटो लागत होता."

"कुठे लागत होता? बुटाखाली," मी म्हणाले. "त्याच्यासाठी माझ्या लग्नातला फोटो दिलास, वर मलाच कापलंस."

तो उठून गेला. मला ते वाक्य बोलल्याचं वाईट वाटत नाही. खरं होतं.

जेवायच्या वेळेला दोन नंबर आला. चप्पल बाहेर काढली, चाचांना सलाम केला, समोर बसला.

"ताई, येक फोटो ऱ्हायला."

"राहिला नाही. मी काढला."

"आसं आसतंय व्हय? आता आमची पोरं काय समजायची?" तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "काय न्हाई, तेवढ्या फोटोचं स्टिकर छापा. आमी सांजच्याला चिटकवतो. भाई यायच्या आत झालं पायजे. न्हाईतर पोरं गरम हायेत, मी किती जनांना धरू?"

"धरू नका. माझा भाऊ तुमच्याकडे नाहीच, असं सांगा."

"कालपर्यंत व्हता की." तो हसला. "ताई, वर्सातून येवढं काम आमचं तुमच्याकडं येतंय. ज्याची खावी पोळी..."

"त्याची वाजवावी टाळी, माहीत आहे मला. पोळी मी माझ्या हाताने लाटते. तुम्ही काम देता, मी करून देते. त्यात माझ्या घरचा माणूस घालायचं ठरलेलं नव्हतं."

तो उठला. चप्पल घालताना म्हणाला, "सांजच्याला केक हाय. तवर बघा."

स्टिकर छापला तर भाऊ तिसऱ्या ओळीत, हवालदाराच्या मोबाइलमध्ये आणि समोरच्या टोळीच्या डोळ्यांत. नाही छापला तर संध्याकाळी त्याच चौकात, ज्या कोयत्याने केक कापतात तो कोयता हातात असलेल्या पोरांसमोर. इकडे आड, तिकडे विहीर. आईला फोन केला तर ती म्हणाली, "लेकराला घेऊन लातूरला जाऊ आजच्या आज." पळून गेला असता तर फितूर आहे हेच पक्कं झालं असतं. आणि आम्ही काय म्हणून पळायचं? माझे वडील इथल्या भट्टीसमोर उभे राहून म्हातारे झाले होते. हा चौक भाईचा असेल तर माझाही होता.

मी नवीन फाइल उघडली. लग्नातला मूळ फोटो घेतला, न कापलेला. त्यात तो आणि मी, पूर्ण. खाली ठळक अक्षरांत लिहिलं:

'हा माझा धाकटा भाऊ. ह्याचा फोटो भाईच्या फ्लेक्सवरून मी काढला. भाईने काढला नाही, ह्यानेही काढला नाही, मी काढला. ह्याने कुणाचं नाव कुणाला सांगितलेलं नाही. हा कुणाच्याही ओळीत बसणार नाही. ज्याला विचारायचं आहे त्याने दुकानात येऊन मला विचारावं. – ह्याची मोठी बहीण, डिझाइन करणारी.'

मागे सिंह घातला नाही.

चाचा माझ्या खांद्यावरून वाचत होते. दुकान त्यांचं, काचा त्यांच्या, मशीन त्यांचं. नको म्हणाले असते तर मी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बेटी, फ्रेम मजबूत लगेगी. थांब, सागवान काढतो." मग मशीनकडे गेले आणि बराच वेळ तिथेच काहीतरी करत राहिले.

ऊन कलायच्या आत मी आणि चाचांनी तो फ्लेक्स भाईच्या फ्लेक्ससमोर, रस्त्याच्या पलीकडच्या खांबाला बांधला. मी शिडीवर चढले आणि वरची टोकं बांधत राहिले. खाली पाचपन्नास माणसं जमली. पहिल्या शिफ्टवरून सुटलेले, भाजी घेणाऱ्या बायका, मंडप घालणारी पोरं. कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवलं. कुणीतरी हसलं आणि मग बरेच जण हसले. तिसऱ्या ओळीतला एक जण म्हणाला, "आयला राव, अक्कानं उचलून नेला ह्याला." मला तेच ऐकायचं होतं. फितुराला कुणी हसत नाही.

दोन नंबर धावत आला. पहिल्यांदाच त्याचा आवाज मऊ नव्हता.

"ताई, हा बोर्ड काढा. परवानगी हाय का तुमच्याकडं?"

"तुमच्याकडे आहे?"

लोक पुन्हा हसले. त्याने मोबाइल कानाला लावला, दोन पावलं बाजूला गेला, मग काय वाटलं कोण जाणे, मोबाइल माझ्यापुढे धरला. त्या दिवशी मी भाईचा आवाज पहिल्यांदा ऐकला. साधा, सर्दी झाल्यासारखा आवाज होता.

"बोर्ड कितीक दिवस ठेवनार?"

"तुमचा उतरेपर्यंत."

तो नाकातून हसला आणि म्हणाला, "ह्याला द्या फोन." दोन नंबरने 'हं, हं' केलं आणि मोबाइल खिशात घातला. पोरांकडे वळून म्हणाला, "भाई म्हनले, बाईच्या नादाला लागू नगा, बड्डे खराब हुईल. ते पोरगं आपलं न्हवतं आन् फुटल्यालंबी न्हाई. इषय संपला."

मी शिडीवरून खाली उतरले.

तेवढ्यात भाऊ आला. त्याला कुणीतरी फोनवर फोटो पाठवला असणार. तो गर्दीतून सरळ खांबाकडे आला, माझ्याकडे न बघता, आणि फ्लेक्सचं खालचं टोक दोन्ही हातांनी धरून ओढलं. टर्र्कन आवाज झाला. माझा चेहरा त्याच्या चेहऱ्यापासून वेगळा झाला, मग अक्षरं फाटली, मग सगळं खाली आलं. तो रडत होता. सगळ्या चौकासमोर, भाईच्या फ्लेक्ससमोर, पंचविशीला टेकलेला माणूस रडत होता.

"माझं नाक कापलंस तू," तो म्हणाला. "आता मी कुठं उभा राहू?"

"कुठेही राहा. इथे राहू नको."

चाचा दुकानाकडे गेले होते ते परत आले. त्यांच्या खांद्यावर दुसरी गुंडाळी होती, तोच फ्लेक्स, तसाच. "एक तो फाडेंगेच," ते म्हणाले, "म्हणून दोन काढले."

भाऊ त्या गुंडाळीकडे बघत राहिला, मग वळला आणि निघून गेला. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. राजगुरुनगरच्या बाजूला एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागलाय, तिथेच खोली घेऊन राहतो. आईला फोन करतो आणि माझा विषय निघाला की ठेवून देतो. म्हणतो, तिने माझी इज्जत घालवली. घालवली. पुन्हा वेळ आली तर पुन्हा घालवीन, आणि त्या वेळी तीन छापीन. बोलत नाही तर नको बोलू दे, बोलत नाही म्हणजे कुठेतरी आहे. तरीही सणाला आईकडे त्याचं ताट मांडलेलं आणि तो आलेला नाही असं झालं की मीही न जेवता उठते, हेही खरं.

पण त्या संध्याकाळी मला रडायला सवड नव्हती. फ्लेक्स पुन्हा बांधायचा होता. एक टोक चाचांनी धरलं. दुसरं धरायला कुणी पुढे येईना. हसायला पन्नास जण होते, दोरी धरायला एकही नाही. भाईची पोरं बघत होती, त्यामुळे बाकी सगळे मोबाइलमध्ये बघायला लागले.

मग गर्दीतून एक बाई आली. मी तिला चेहऱ्याने ओळखत होते, बोलणं कधी झालं नव्हतं. हातातली भाजीची पिशवी तिने खाली ठेवली, पदर खोचला आणि दोरीचं टोक माझ्या हातातून घेतलं. खांबाला दोन वेढे दिले, दातांनी ओढून गाठ पक्की केली. बैलगाडीचं ओझं बांधायची सवय असावी. दोन नंबर तिच्याकडे बघत होता. तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

गाठ मारून झाल्यावर ती माझ्या कानाशी आली.

"पोरी, निस्ती तिसऱ्या वळीतलीच निघत्यात," तिने विचारलं, "का दुसरीतला माझा ल्योक बी निघतो?"

दुसरी ओळ म्हणजे गल्लीप्रमुख. घरात कोयते ठेवायला देणारे, पोरांना गाड्या फोडायला पाठवणारे. त्यांच्यातला कुणी असा निघाल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. निघतो की नाही, मला माहीत नव्हतं.

"कोणता, ते दाखवा," मी म्हणाले.

तिने सगळ्यांच्या देखत हात वर केला आणि भाईच्या फ्लेक्सवरच्या दुसऱ्या ओळीकडे बोट दाखवलं.